कठडा ओलांडणारा

१९७९. डब्लिनमधली शनिवारची दुपार. सेंट स्टीफन्स ग्रीन या बागेलगतच्या डँडेलियन मार्केटात ५० पेन्स मोजून तुम्ही आत शिरता. भोवतीची बरीचशी मुलं शाळकरी आहेत. पबमध्ये त्यांना वयामुळे प्रवेश नाही, म्हणून ती इथे येतात. समोरचे चौघेही नुकतेच माउंट टेंपल शाळेतून बाहेर पडलेत. ड्रमवर लॅरी मलन. तीन वर्षांपूर्वी शाळेच्या फलकावर यानेच चिठ्ठी लावून बँडसाठी साथीदार मागितले होते. गिटारवर एज, बेसवर अ‍ॅडम क्लेटन. गाणारा बोनो अजून सुरात पक्का नाही, पण त्याची नजर चुकवणं तुम्हाला जमत नाही. तो इतका पुढे येतो की त्याच्या घामाचा वास येतो. मध्ये एक मुलगा गप्पा मारत उभा आहे. बोनो गाता गाता त्याच्याकडे बघत राहतो, तो गप्प होईपर्यंत. या माणसाला समोरच्याचं दूर असणं सोसत नाही, हे तुम्ही पहिल्याच दिवशी ओळखता. यू-टू या नावावर पुढे जे प्रेम बसणार आहे आणि जो राग निघणार आहे, त्या दोन्हींचं मूळ इथेच दिसतंय.

१३ जुलै १९८५. आता तुम्ही लंडनच्या वेम्बलीत, ७० हजारांवर माणसांच्या गर्दीत. इथिओपियातल्या दुष्काळग्रस्तांसाठी ‘लाइव्ह एड’ चालू आहे आणि प्रत्येक बँडच्या वाट्याला मोजकी मिनिटं आलीत. यू-टूची तीन गाणी ठरलीत. दुसरं आहे ‘बॅड’, हेरॉइनच्या विळख्यात सापडलेल्या डब्लिनच्या तरुणांवरचं. ते सुरू होतं आणि थोड्या वेळाने बोनोला पुढच्या रांगेत चेंगरत असलेली एक मुलगी दिसते. तो सुरक्षारक्षकांना हातवारे करतो. त्यांना कळत नाही. मग तो स्वतःच उडी मारतो, आधी खालच्या फळीवर आणि तिथून थेट कठड्यापाशी. मुलीला बाहेर काढतात. तो तिला जवळ घेऊन सावकाश डोलतो.

मंचावरच्या तिघांना तो दिसेनासा झालाय. ते तेच सूर घोळवत राहतात. गाणं दहा मिनिटांच्या पुढे जातं आणि तिसऱ्याला वेळच उरत नाही. आत गेल्यावर तिघेही त्याच्यावर भडकतात. आपण बँडची मोठी संधी वाया घालवली, असं बोनोलाही वाटतं. पण तुम्ही गर्दीत उभे आहात आणि तुम्हाला वेगळंच दिसतंय. एवढ्या माणसांपैकी प्रत्येकाला वाटतंय की तो आपल्यासाठी खाली उतरला. त्या दिवशी वेम्बलीत क्वीननेही गाऊन मैदान जिंकलं, ते मंचावर राहून. याने मंच सोडला.

दोन वर्षांनी ‘द जोशुआ ट्री’ हा अल्बम येतो आणि हे चौघे जगभर पोचतात. ८ नोव्हेंबर १९८७ ला तुम्ही अमेरिकेतल्या डेन्व्हरला आहात. त्याच दिवशी उत्तर आयर्लंडमधल्या एनिस्किलनमध्ये, युद्धातल्या मृतांना आदरांजली वाहायला जमलेल्या लोकांत आयआरए या सशस्त्र आयरिश संघटनेचा बॉम्ब फुटून ११ जण गेलेत. बोनो ‘संडे ब्लडी संडे’ हे गाणं मध्येच थांबवतो आणि अमेरिकेत बसून क्रांतीचे गोडवे गाणाऱ्या आयरिश वंशाच्या लोकांना फटकारतो. पेन्शनच्या वयातली माणसं, छातीवर जुनी पदकं लावून जमलेली, त्यांना मारण्यात कसलं शौर्य, असा त्याचा संताप आहे. यात धोका होता आणि त्याने तो पत्करला. पण वर्षभराने हेच ‘रॅटल अँड हम’ या सिनेमात मोठ्या पडद्यावर येतं, तेव्हा शेजारच्या खुर्चीतला चाहता अस्वस्थ होतो. प्रत्येक गाण्याआधी भाषण हवंच का, असं त्याला वाटतं. ही तक्रार पुढे कधीच थांबत नाही.

बर्लिनचा हान्सा स्टुडिओ, जुन्या यू-टूला मोडीत काढून केलेला १९९१ चा ‘आख्टुंग बेबी’ हा अल्बम, हे सगळं भराभर मागे पडू द्या. थांबा ते ऑगस्ट १९९३ ला, पुन्हा वेम्बलीत. ‘झू टीव्ही’ दौरा चालू आहे, पडद्यांचा झगमगाट आहे आणि मधेच उपग्रहावरून युद्धात होरपळणारं बॉस्नियातलं सारायेवो जोडलं जातं. वेढ्यात अडकलेल्या शहरातल्या बायका तुमच्याशी थेट बोलतात. त्यातली एक सरळ सांगते की हे संपलं की तुम्ही पुन्हा गाण्याकडे वळाल आणि आम्हाला विसराल. स्टेडियम गोठतं. पुढचं गाणं सुरू होतं आणि टाळ्या वाजवायला तुमचे हात उठत नाहीत. दुसऱ्याचं मरण पार्ट्यांच्या रात्रीत आणायचा याला काय अधिकार, असं मनात येतं. टीका वाढते आणि ही जोडणी बंद होते.

मला विचाराल तर न्याय इथे करू नका. २३ सप्टेंबर १९९७ पर्यंत चला. सारायेवोचं कोशेवो स्टेडियम. युद्ध संपून दोन वर्षंही झालेली नाहीत. पूर्वी एकमेकांचे शत्रू असलेल्या भागांतून लोक आलेत, काही जण युद्धानंतर प्रथमच सुरू झालेल्या गाड्यांनी. सुमारे ४५ हजार माणसं आहेत आणि बोनोचा आवाज बसलाय. सूर निघत नाही, तेव्हा ती माणसं त्याच्यासाठी गातात. विसराल म्हणणाऱ्या त्या बाईला चार वर्षं उशिरा का होईना, उत्तर मिळालंय. यानंतर या बँडवर रागावायचं असेल तर ही रात्र बाजूला ठेवून रागावता येत नाही.

रागाला कारणं मात्र खरी आहेत. २००६ मध्ये आयर्लंडने कलावंतांच्या करमाफीवर अडीच लाख युरोंची मर्यादा घातली, तेव्हा यू-टूने गाण्यांच्या हक्कांचा व्यवहार नेदरलँड्सला हलवला. कायद्यात ते बसतं. पण गरीब देशांच्या कर्जमाफीसाठी सरकारांच्या तिजोरीला हात घालायला लावणारा बोनो स्वतःच्या देशाच्या तिजोरीपासून अंतर राखतो, हे चाहत्याला लागतं आणि लागायलाच हवं. २४ जून २०११ ला ग्लॅस्टनबरीच्या शेतात तुमच्या डोळ्यांदेखत निदर्शक कर भरायला सांगणारा भलामोठा फुगा उभारतात आणि सुरक्षारक्षक तो खाली ओढतात. गाणं चालूच राहतं. सगळी अंतरं तोडणाऱ्या त्या माणसाची हद्द तुम्हाला इथे दिसते.

९ सप्टेंबर २०१४. क्युपर्टिनोमध्ये अ‍ॅपलचा कार्यक्रम होतो आणि ‘साँग्ज ऑफ इनोसन्स’ हा नवा अल्बम ५० कोटी आयट्यून्स खात्यांत फुकट जाऊन बसतो. तुमच्या फोनमध्येही, तुम्ही पुण्यात असा नाहीतर पॅरिसमध्ये. घराला कुलूप असताना कोणीतरी आत येऊन ताटात मिठाई वाढून ठेवावी, तसं वाटतं. लोक इतके चिडतात की आठवड्याभरात अ‍ॅपलला अल्बम काढून टाकायची खास सोय द्यावी लागते. महिन्याभराने बोनो माफी मागतो.

पण काढून टाकण्याआधी तो ऐका. त्यात ‘आयरिस’ आहे. ही त्याची आई. तिच्या स्वतःच्या वडिलांच्या अंत्यविधीच्या वेळी ती कोसळली आणि सप्टेंबर १९७४ मध्ये गेली. तो १४ वर्षांचा होता. त्याच्या लहानपणच्या सीडरवुड रोडवरचं गाणं आहे, डब्लिनमधल्या बॉम्बस्फोटांवरचं आहे. या बँडने एवढं घरातलं क्वचितच गायलंय आणि नेमकं तेच न विचारता जगावर लादलं गेलं. वेम्बलीत कठड्यापाशी मारलेली उडी आणि ही उडी यांत मला फरक दिसतो तो एवढाच: तेव्हा खालच्या मुलीला त्याची गरज होती.

१५ डिसेंबर २०१९. नेरूळचं डी. वाय. पाटील स्टेडियम. यू-टू भारतात पहिल्यांदाच आलंय. काळ्या घोड्याच्या ‘ऱ्हिदम हाउस’मधून कॅसेट घेतलेली पिढी आता मुलांना घेऊन आलीय, ते दुकानही एव्हाना बंद झालंय. गर्दीत शिरलेल्या छोट्या मंचावर लॅरी एकटा चालत येतो आणि ‘संडे ब्लडी संडे’चा ठेका धरतो. तुमच्या शेजारचा पन्नाशीचा गृहस्थ डोळे पुसतो. पुढे ए. आर. रहमान दोन्ही मुलींसह येतात, ‘अहिंसा’ हे गाणं होतं. बोनो बोलतो, बराच वेळ.

परतीच्या हार्बर लोकलमध्ये हाच विषय आहे. एक कॉलेजातली मुलगी म्हणते की इतक्या पैशांत गाणी ऐकायची होती, प्रवचन नाही. गृहस्थ चिडतात. तुम्ही मध्ये पडता आणि दोघांनाही खोडता: ती डेन्व्हरला नव्हती, ते करांबद्दल ब्र काढत नाहीत. तिला सारायेवो ठाऊक नाही. तुम्ही सांगू लागता आणि ती कान देऊन ऐकते, मग विचारते की एवढा आपलेपणा होता तर ते पैसे नेदरलँड्सला का? गृहस्थांकडे उत्तर नाही. तुमच्याकडेही नाही. वाशी येतं, काही जण उतरतात. उरलेल्यांचं आता ‘जोशुआ ट्री’ मोठा की ‘आख्टुंग बेबी’ यावर चांगलंच जुंपलंय, आणि सगळ्यांत मोठा आवाज त्या मुलीचा आहे.