गिळलेली गोळी गेली कुठे?

गोळी घशाखाली उतरली की पुढे ती नेमकी कुठवर पोचली, हे कळायचं कसं?

१८९६ च्या शेवटी हार्वर्डमध्ये शिकणारा वॉल्टर कॅनन नव्याने सापडलेले क्ष-किरण वापरून प्राण्यांनी गिळलेला घास बघू लागला. घास दिसला खरा, पण तासन् तास क्ष-किरण अंगावर घेणं धोक्याचं.

चुंबकी क्षेत्र मात्र शरीरातून सहज आरपार जातं. २०११ मध्ये अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठात एडिथ मॅथियोविट्झ यांच्या गटाने उंदरांना चुंबकी गोळी दिली आणि बाहेरच्या चुंबकाने ती आतड्यात थोपवून धरली. ओढ किती लागतेय, तेही मोजलं, म्हणजे आतड्याला इजा नको.

२०२३ मध्ये कॅलटेक आणि एमआयटीच्या संशोधकांनी उलटं केलं. चुंबकी क्षेत्र बाहेरच्या कॉइलचं, ते मोजणारा सेन्सर गोळीत! नागपूरकरांनो, आपलं झिरो माईल आठवा: जितकं लांब जाल, तितका आकडा बदलतो. इथेही कॉइलपासून लांब गेलं की क्षेत्र क्षीण होतं. गोळी तो आकडा वायरलेसने कळवते आणि त्यावरून जागा सापडते. डुकरांवरच्या चाचणीत हे जमलं.

जुनाट बद्धकोष्ठतेत अन्न जठरात रेंगाळतंय की मोठ्या आतड्यात, हे कळलं तर उपचार अंदाजाने करावे लागणार नाहीत. कॅननला हवं होतं तेच, पण क्ष-किरणांशिवाय.