कॉम्प्युटर सुरू होतो, पण विंडोज येत नाही? फॉरमॅट मारण्याआधी बूट ऑर्डर तपासा

सुरतच्या रिंग रोडवरचं कापड मार्केट असो की उधना, लिंबायत भागातलं छोटं दुकान, खानदेशातून तिकडे गेलेल्या अनेकांचा हिशोब आता कॉम्प्युटरवरच असतो. सकाळी मशीन चालू केलं आणि काळ्या स्क्रीनवर ‘नो बूटेबल डिव्हाइस’ आलं की धडकी भरते. जीएसटीचा हिशोब वार्षिक रिटर्नच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने जपावा लागतो. म्हणून कुणी ‘फॉरमॅट मारून टाकू’ म्हटलं, तर लगेच हो म्हणू नका.

बूट ऑर्डर म्हणजे काय?
विंडोज कुठून सुरू करायचं, हे मदरबोर्डवरचा बायोस ठरवतो. नव्या मशीनमध्ये त्याला यूईएफआय म्हणतात. हार्ड डिस्क, पेनड्राइव्ह, डीव्हीडी यांची क्रमवार यादी त्यात असते. हा क्रम बदलल्याने फाइली पुसल्या जात नाहीत. त्या जातात फॉरमॅटमुळे.

काय करायचं?
१. आधी लावलेला पेनड्राइव्ह, मेमरी कार्ड काढा आणि मशीन पुन्हा चालू करा. बऱ्याचदा एवढ्यावरच काम होतं.
२. नाही झालं, तर चालू करताच सेटअपची की पटापट दाबा. डेल, एसर, आसुसच्या बहुतेक लॅपटॉपवर एफ२, एचपीवर एफ१०, लेनोवोवर एफ१ किंवा एफ२, असेंबल मशीनवर सहसा डिलीट.
३. ‘बूट’ विभागात जा. विंडोज असलेली डिस्क किंवा ‘विंडोज बूट मॅनेजर’ पहिल्या नंबरावर आणा.
४. एफ१० दाबून सेव्ह करा. बाकी सेटिंगला हात लावू नका.

यादीत डिस्कच दिसत नसेल, तर केबल सैल झालेली असू शकते किंवा डिस्क खराब. तिथे बूट ऑर्डरचा उपयोग नाही, मशीन जाणकाराला दाखवा.

तारीख-वेळही रोज मागे जात असेल, तर मदरबोर्डवरचा ३ व्होल्टचा सीआर२०३२ सेल संपलेला असतो. तो बदलल्याशिवाय सेटिंग टिकणार नाही.

पेनड्राइव्हवरून सुरू करायचं असेल तर
विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे अनेक जण पेनड्राइव्हवरून विंडोज ११ किंवा लिनक्स टाकून घेतायत. त्यासाठी कायमचा क्रम बदलायची गरज नाही. डेल, लेनोवोवर एफ१२, एचपीवर एफ९ दाबलं की एका वेळेपुरता बूट मेनू येतो.

मात्र बिटलॉकर चालू असेल, तर मशीन ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकतं. ती आधीच मायक्रोसॉफ्ट अकाउंटवरून कागदावर उतरवून ठेवा. आणि हिशोबाची एक कॉपी दुसऱ्या डिस्कवर घेतल्याशिवाय ‘इन्स्टॉल’वर क्लिक करूच नका.