मांडवाबाहेरचे लेखक

लेखकांच्या संमेलनांवर जोहे गावात बोलायचं, याला कारण आहे. इथे आणि शेजारच्या हमरापुरात घरोघरी गणपतीचे कारखाने आहेत. एकाने मूर्तीच्या डोळ्यांची आखणी केली की शेजारचा येता-जाता पाहतो आणि 'डावा डोळा जरा खाली गेलाय' म्हणून सांगतो. सांगणाऱ्याला काम कळतं, म्हणून ऐकणाऱ्याला राग येत नाही. लेखकाला असा शेजार क्वचित मिळतो. त्याच्या कामातलं कळणारा माणूस बहुतेक वेळा चार जिल्हे ओलांडून राहतो. हा शेजार मिळवण्यासाठी लेखक संमेलनाला जातात. आज आपण त्याचाच इतिहास पाहू.

सुरुवात पुण्यातून. ११ मे १८७८ रोजी हिराबागेत न्यायमूर्ती रानडे आणि लोकहितवादी यांच्या पुढाकाराने मराठी ग्रंथकारांची सभा भरली. आजच्या अखिल भारतीय साहित्य संमेलनाचं मूळ ते. दुसरी सभा १८८५ साली भरायची होती, तेव्हा जोतीराव फुल्यांनी पत्र लिहून यायला नकार दिला. जे माणसाला माणसाचे हक्क द्यायला तयार नाहीत त्यांच्या सभेशी आमच्या सभांचा मेळ बसत नाही, अशी त्यांची भूमिका होती. म्हणजे मांडव कुणाचा, हा प्रश्न संमेलनाइतकाच जुना आहे.

फुल्यांचा प्रश्न समाजाच्या मुळाशी जाणारा होता. त्याची बरोबरी करायची नाही, पण त्याच मांडवाबाहेर पुढे आणखी एक लहानशी रांग लागली: रहस्यकथा, भयकथा आणि विज्ञानकथा लिहिणाऱ्यांची. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. त्यांचा झुंजार वाचत दोन पिढ्यांना वाचनाची गोडी लागली. संमेलनाचं अध्यक्षपद मात्र त्यांच्या वाट्याला आलं नाही. नारायण धारपांच्या भयकथा वाचनालयांतून फाटेस्तोवर वाचल्या गेल्या, पण समीक्षेच्या पुस्तकांत त्यांना जागा बेताचीच. 'हे साच्यातलं लेखन' असं म्हटलं की विषय संपायचा. साचा म्हणजे काय ते जोहे गावाला वेगळं सांगायला नको. एकाच साच्यातून शंभर मूर्ती निघतात, पण कुणाच्या हातची आखणी आहे, हे जाणकार लांबून ओळखतो.

आता थोडं बाहेर जाऊ, कारण ज्यांना मांडवात जागा नव्हती त्यांनी दुसरीकडे काय केलं, हे पाहण्यासारखं आहे. अमेरिकेत विज्ञानकथा स्वस्त मासिकांत छापून यायच्या. वाचकांची पत्रं मागच्या पानांवर पत्त्यासकट येत. त्या पत्त्यांवरून वाचकांनी एकमेकांना लिहायला सुरुवात केली, गावोगाव मंडळं झाली आणि जुलै १९३९ मध्ये न्यूयॉर्कला पहिलं जागतिक विज्ञानकथा संमेलन भरलं. तिथे लेखक आणि वाचक एकाच सभागृहात बसले. एकोणीस वर्षांचा आयझॅक असिमोव्ह त्यांच्यात होता. पण गंमत पाहा, आयोजकांशी भांडण असलेल्या काही तरुणांना त्या दारातूनही परत पाठवलं गेलं. त्यांच्यातला फ्रेडरिक पोल पुढे मोठा लेखक आणि संपादक झाला. नवीन मांडव घातला की त्यालाही दार येतं, आणि दारावर कुणीतरी उभं राहतंच. महायुद्धामुळे १९४२ ते १९४५ हे संमेलन भरलं नाही. पुन्हा सुरू झालं ते आजतागायत चालू आहे.

मराठीत हे घडलं, पण वेगळ्या वाटेने. मराठी विज्ञानकथेला पहिला हक्काचा ओटा दिला तो एका विज्ञानसंस्थेने. १९६६ साली मुंबईत मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली. मराठीतून विज्ञान लोकांपर्यंत न्यायचं, हे तिचं काम. तिचं अधिवेशन दरवर्षी भरतं आणि ती विज्ञान रंजन कथांची स्पर्धाही घेते. १९७४ सालच्या स्पर्धेत 'कृष्णविवर' नावाची कथा आली. लेखक, नारायण विनायक जगताप. कथेला पहिलं बक्षीस मिळालं आणि मग कळलं, की हे जगताप म्हणजे डॉ. जयंत विष्णु नारळीकर. ज, वि, ना ही आद्याक्षरं त्यांनी उलटी फिरवली होती. या लेखनाची सुरुवातही मजेशीर. अहमदाबादच्या एका परिसंवादात कंटाळवाणं भाषण चालू असताना आपण लिहायला घेतलं, असं त्यांनीच सांगितलं आहे.

नारळीकर तेव्हा कोण होते, ते लक्षात घ्या. १९६५ सालीच त्यांना पद्मभूषण मिळालं होतं. केंब्रिजहून परतून ते टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम करत होते. स्वतःच्या नावाने कथा पाठवली असती, तर कुठल्याही संपादकाने ती हातोहात छापली असती. पण मग कथा चांगली आहे की नाव मोठं आहे, हे त्यांना कधीच कळलं नसतं. त्यांना हवा होता नाव न पाहता वाचणारा परीक्षक. जोहे गावच्या भाषेत सांगायचं तर, डावा डोळा खाली गेलाय असं सांगणारा शेजारी.

पुढच्याच वर्षी, १९७५ साली, कऱ्हाडला साहित्य संमेलन भरलं. अध्यक्ष दुर्गा भागवत. आणीबाणीविरुद्ध त्या तिथे उभ्या राहिल्या, हे सर्वांना आठवतं. त्याच अध्यक्षीय भाषणात त्यांनी नारळीकरांच्या या नव्या प्रयत्नाचं कौतुक केलं, हे मात्र फार थोड्यांना आठवतं. मांडवाचं दार किलकिलं झालं ते तेव्हा.

मग बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर अशी फळी उभी राहिली. कुणी अणुसंशोधन केंद्रातला जीवशास्त्रज्ञ, कुणी भूशास्त्राचा अभ्यासक, कुणी रसायन अभियंता. लोंढे यांची 'दुसरा आइन्स्टाइन' ही कथा जेम्स गन यांच्या जागतिक विज्ञानकथांच्या संग्रहात गेली. फोंडके यांनी १९९३ मध्ये नॅशनल बुक ट्रस्टसाठी भारतीय भाषांतल्या विज्ञानकथा इंग्रजीत एकत्र केल्या. मराठी लेखकाला आपले तमिळ आणि बंगाली सोबती त्या पुस्तकात भेटले.

आम्ही विज्ञानकथा लिहिणारे आजही अशा अधिवेशनांना जातो, ते व्यासपीठासाठी नव्हे. खरं काम जेवणाच्या पंगतीत आणि चहाच्या टपरीवर होतं. 'तुमच्या यानाला परत यायला इंधन कुठून मिळालं?' असं तिथेच कुणीतरी विचारतं. घरी कौतुक होतं, वाचकाची पत्रं येतात, पण हा प्रश्न सोबत्याशिवाय दुसरं कुणी विचारत नाही. आणि हा प्रश्न विचारणारं उरलं नाही की त्या प्रकारचं लेखन हळूहळू सैल पडतं.

म्हणून पुढची घटना आम्हाला महत्त्वाची वाटते. डिसेंबर २०२१ मध्ये नाशिकला ९४ वं साहित्य संमेलन झालं. अध्यक्ष होते नारळीकर. विज्ञानकथाकाराला हा मान मिळायला १८७८ पासून १४३ वर्षं लागली. आणि प्रकृतीमुळे त्यांना प्रत्यक्ष येता आलं नाही. दार पूर्ण उघडलं, तेव्हा खुर्ची रिकामी होती. २० मे २०२५ रोजी ते गेले. लोंढे त्याआधीच, २०१५ साली गेले होते.

आता प्रश्न आपल्यापुढे आहे. मान मिळाला, पण पंगत विरळ होत चालली आहे. पेण, रोहा किंवा अलिबागच्या एखाद्या मुलीने आज पहिली विज्ञानकथा लिहिली, तर ती कुणाला दाखवेल? तिच्यासाठी मोठा मांडव घालायची गरज नाही. वर्षातून एक दिवस, वाचनालयाची एक खोली, नाव झाकून वाचलेल्या दहा कथा आणि इंधनाचा हिशेब विचारणारी चार माणसं, एवढं पुरे. १९७४ साली पद्मभूषण मिळालेल्या माणसालाही याहून जास्त काही नको होतं.