स्टीलहेड, माशीचा गळ आणि उत्तर अंपक्वा नदी

इतिहासाच्या व्याख्यानात मासे धरण्याच्या काठीचं काय काम, असं कुणाच्या मनात येईल. पण शेती समजून घ्यायला आपण नांगर बघतो, लढाई समजून घ्यायला तलवार बघतो. तसं आज आपण एका नदीकडे तिथल्या गळाच्या काठीवरून बघणार आहोत. नदी अमेरिकेच्या ओरेगॉन राज्यातली आहे, उत्तर अंपक्वा.

आधी मासा. कोकणातल्या, घाटाखालच्या मंडळींना 'चढणीचे मासे' सांगायला नकोत. पहिला पाऊस पडला की अंडी घेऊन प्रवाहाविरुद्ध वर जाणारे. स्टीलहेडचीही चढणच असते, पण ती समुद्रातून. हा मुळात रेनबो ट्राउट. त्याच जातीतले काही मासे आयुष्यभर नदीत राहतात, काही प्रशांत महासागरात जाऊन मोठे होतात आणि जन्माच्या नदीत परततात. परतणारा तो स्टीलहेड. शास्त्रज्ञांनाही त्याने बराच चकवा दिला. १८३६ मध्ये कोलंबिया नदीतल्या माशावरून त्याला युरोपीय ट्राउटच्या गोतात बसवलं गेलं, आणि थेट १९८९ मध्ये त्याला तिथून उचलून पॅसिफिक साल्मनच्या गोतात नेलं. पण पॅसिफिक साल्मन एकदा अंडी घालून मरतात. हा मरेलच असं नाही, काही मासे समुद्रात जाऊन पुन्हा येतात.

आता खरी गोम. उन्हाळी स्टीलहेड नदीत शिरतो आणि पुढच्या हिवाळ्या-वसंतापर्यंत, म्हणजे कित्येक महिने, अंडी घालण्याची वाट बघत डोहात थांबतो. या काळात तो जवळजवळ खात नाही. मग ज्याला भूक नाही तो गळाला कशाला लागेल? तरी लागतो. राग, कुतूहल, लहानपणी नदीत किडे खाल्ल्याची सवय, असे अनेक तर्क आहेत. माशाला विचारायची सोय नाही. या माशासाठी जी साधनं आणि युक्त्या निघाल्या, त्या सगळ्या या एका कोड्याभोवती फिरतात.

आपल्याकडची गरी आठवा. गांडूळ किंवा कोलंबी लावायची, वजन बांधायचं आणि फेकायचं. वजनामुळे दोर लांब जातो. माशीच्या गळात हे उलटं आहे. 'माशी' म्हणजे आकड्याला पिसं, केस, लोकर गुंडाळून केलेला नकली किडा. तिला वजनच नसतं, ती फेकणार कशी? म्हणून वजन दोरात ठेवतात. जाड दोर हवेत मागे-पुढे झुलवायचा, काठी वाकते, सरळ होते, दोर उलगडत जातो आणि टोकाची माशी त्याच्यामागून फरपटत जाते. म्हणजे फेकायचा असतो तो दोर, माशी नुसती सोबत जाते. एवढं लक्षात ठेवलं की पुढचं सोपं आहे.

हे तंत्र जुनं आहे. मॅसेडोनियातले लोक आकड्याला लाल लोकर आणि कोंबड्याची पिसं बांधून मासे धरतात, असं सुमारे अठराशे वर्षांपूर्वी एलियन या रोमन लेखकाने नोंदवलं आहे. स्टीलहेडचं तंत्र मात्र स्कॉटलंडहून आलं, साल्मनच्या मासेमारीतून. स्पे नदीच्या काठांवर मागे चढ आणि झाडी. दोर मागे झुलवायला जागा नाही. म्हणून तिथल्या लोकांनी लांब, दोन हातांनी धरायची काठी आणि दोर मागे न नेता पाण्याच्या धरेवरच वळवून फेकायची पद्धत काढली. तिचं नावच स्पे कास्टिंग. दुसरी गोष्ट डी नदीवरची. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे आर्थर वुड यांनी रेशमी दोराला चरबी लावून तो तरंगता ठेवला. प्रवाहाने दोराला बाक आला की माशी अनैसर्गिक वेगाने ओढली जाते. म्हणून दोर मध्येच उचलून प्रवाहाच्या वरच्या बाजूला टाकायचा. आजही उत्तर अंपक्वावर उभा असलेला माणूस हेच करत असतो.

इथे हिंदुस्थानचे दोन धागे येतात. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत बांबूच्या उभ्या चिरफळ्या तासून, चिकटवून काठ्या होऊ लागल्या. मेन राज्यातले हायरम लिओनार्ड यांनी सहा चिरफळ्यांच्या षटकोनी काठीला व्यवसायाचं रूप दिलं. सुरुवातीचा बांबू कलकत्त्याहून यायचा आणि 'कलकत्ता केन' म्हणूनच ओळखला जायचा. पुढे चीनच्या टोंकिन बांबूने त्याला मागे टाकलं. दुसरा धागा आपल्या सह्याद्रीतला, राखी रानकोंबडा. त्याच्या मानेच्या पिसांवर मेणासारखे चकचकीत पिवळट ठिपके असतात. साल्मनच्या माशीला 'डोळा' म्हणून ती पिसं लावण्याची व्हिक्टोरियन काळात फारच हौस. त्यापायी किती कोंबडे गेले असतील! प्रशांत किनाऱ्यावर मात्र लोक लवकरच अस्वल, हरीण अशा हाताशी असलेल्या प्राण्यांच्या केसांकडे वळले. ते खडकावर घासून टिकतात आणि पाण्यात हलतात. स्टीलहेडची काळ्या-पांढऱ्या रंगाची प्रसिद्ध माशी 'स्कंक' अशीच केसाळ आहे.

तिसरा धागा जाता जाता. मुंबईत जन्मलेले रडयार्ड किपलिंग १८८९ मध्ये हिंदुस्थानातून इंग्लंडला जाताना ओरेगॉनमधल्या क्लॅकमस नदीवर थांबले आणि त्यांनी हलक्या काठीवर मोठे मासे काढले. त्यावर त्यांनी मोठ्या आनंदाने लिहिलंही. पण त्यांच्या दोराला माशी नव्हती, धातूचा चमचा होता.

आता उत्तर अंपक्वावर येऊ. कातळातून कापत गेलेली, हिरव्या पाण्याची, उभं राहायला अवघड नदी. स्टीमबोट नावाची उपनदी जिथे मिळते तिथे १९२०-३० च्या दशकांत मासेमारांचे तळ पडू लागले. काउबॉय कादंबऱ्यांचे लेखक झेन ग्रे १९३० च्या दशकात इथेच येत. १९५२ मध्ये राज्याने नदीच्या सुमारे ५० किलोमीटर पट्ट्यात फक्त माशीचा गळ चालेल असा नियम केला.

हा नियम म्हणजे हौशी लोकांचा शिष्टपणा, अशी टीका होते. ती अगदीच खोटी नाही. ज्याला पोटासाठी मासा हवा त्याला महागडी काठी आणि दिवसभराचा निवांतपणा परवडत नाही. तरी आम्हाला वाटतं की त्या नियमाचा खरा परिणाम वेगळा झाला. कमी मासे लागणार हे मान्य करून वर्षानुवर्षं त्याच डोहांवर उभी राहणारी माणसं तयार झाली. नदीत काय बिघडतंय हे त्यांना आधी दिसलं.

बिघडत होतं ते गळामुळे नव्हेच. १९४७ ते १९५६ या काळात वरच्या अंगाला जलविद्युत प्रकल्प झाला. त्याच सुमारास लाकूडतोड वाढली. ओढ्यांच्या काठापर्यंत झाडं कापली, ट्रॅक्टर सरळ ओढ्यातून चालवले. सावली गेली की पाणी तापतं. गाळ आला की गोट्यांमधली अंडी गुदमरतात. फ्रँक मूर हे नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरलेले सैनिक. १९५७ मध्ये त्यांनी इथे स्टीमबोट इन सुरू केलं. सॅन फ्रान्सिस्कोहून मासेमारीला आलेल्या हॅल राइनी आणि डिक स्नायडर या दोघांना त्यांनी उद्ध्वस्त ओढे दाखवले. त्यातून १९६८ मध्ये 'पास क्रीक' हा माहितीपट झाला. ओरेगॉनचा वनव्यवहाराचा कायदा १९७१ चा. एका चित्रपटामुळे कायदा झाला असं म्हणणं भाबडेपणाचं होईल, पण उजाड ओढा पडद्यावर बघितल्यावर 'काही झालंच नाही' म्हणणं अवघड झालं.

इकडे साधनं बदलत होतीच. १९५० मध्ये अमेरिकेने चीनशी व्यापार थांबवला, टोंकिन बांबू बंद झाला आणि काचतंतूच्या काठ्यांना मोकळं रान मिळालं. १९७० च्या दशकात कार्बनच्या काठ्या आल्या. रेशमी दोर जाऊन प्लॅस्टिकचं आवरण असलेले दोर आले, तरंगणारे वेगळे, बुडणारे वेगळे. पुढे वॉशिंग्टन राज्यातल्या स्कॅजिट नदीवर आखूड, वजनदार दोर निघाले. स्पे पद्धतीने, मागे जागा नसतानाही, थंड पाण्यात तळाशी बसलेल्या माशापर्यंत भली मोठी माशी पोचवता येऊ लागली. म्हणजे ज्या खोलीत मासा पूर्वी निवांत होता तिथेही माणूस पोचला. आणि मासे तर घटतच होते. प्युजेट साउंडच्या खोऱ्यातले स्टीलहेड २००७ मध्ये कायद्याने 'संकटग्रस्त' ठरले, स्कॅजिट त्यातलीच नदी. साधन उत्तम झालं तेव्हा ते वापरायला नदीच बंद होऊ लागली.

उत्तर अंपक्वावर एक माणूस मात्र उलट्या दिशेने गेला. ली स्पेन्सर. स्टीमबोट उपनदीत मासेमारीला पूर्ण बंदी आहे. तिच्या एका गार डोहात उन्हाळ्यात शेकडो स्टीलहेड गोळा होतात आणि पूर्वी तिथे चोरटे सुरुंग लावत. १९९९ पासून अनेक वर्षं ते कुत्र्याला घेऊन मोसमभर त्या डोहावर राखण करत बसले आणि माशांच्या हालचाली लिहीत गेले. स्वतः नदीवर मासेमारीला जात तेव्हा आकड्याचं टोक मोडून जात. मासा वर येतो, माशी धरतो, एक झटका बसतो आणि तो सुटतो. त्यांना तेवढं पुरत होतं.

२०१९ मध्ये स्टीमबोटच्या खोऱ्यातलं सुमारे एक लाख एकर जंगल फ्रँक आणि जीन मूर या दांपत्याच्या नावाने जंगली स्टीलहेडसाठी राखीव झालं. २०२० च्या सप्टेंबरात आर्ची क्रीकचा वणवा खोऱ्यात पसरला, त्यात मूर दांपत्याचं घर जळालं. पुढच्या उन्हाळ्यात नदी तापली आणि मासे इतके कमी चढले की ऑगस्ट २०२१ मध्ये राज्याने उत्तर अंपक्वाच्या मुख्य प्रवाहातली सगळीच मासेमारी नोव्हेंबरअखेरपर्यंत बंद केली, माशीच्या गळासकट. फ्रँक मूर तेव्हा हयात होते. २०२२ च्या जानेवारीत ते गेले.