शिकविण्याची पारख

शाळेची किंमत तिच्या इमारतीवरून अथवा परीक्षेंत उत्तीर्ण झालेल्या मुलांच्या संख्येवरून करण्याचा प्रघात आहे. परंतु वर्गांत शिक्षक कसें शिकवितात, याची पारख कशी व्हावी? धर्मग्रामाच्या या महोत्सवांत आपल्या शाळेचा विचार मनांत येणें साहजिक आहे. म्हणून या प्रश्नाचें एक जुनें उत्तर आम्ही वाचकांपुढें ठेवितों.

येशूसंघानें १५४८ सालीं सिसिलींतील मेसिना येथें विद्यालय उघडलें. पुढें युरोपांत, तसेंच गोवें व वसई येथेंही, संघाचीं विद्यालयें झालीं. परंतु शिकविण्याची रीत जागोजाग निराळी होती. तेव्हां संघाचे अधिपति क्लॉडियो अक्वाविवा यांनीं १५८४ सालीं रोम येथें सहा धर्मगुरूंचें मंडळ नेमलें. मंडळाचा मसुदा १५८६ सालीं प्रांतोप्रांतीं धाडण्यांत आला. तो बंधनकारक नव्हता. अनुभवी शिक्षकांनीं तो तपासून आपले आक्षेप रोमला कळवावे, अशी योजना होती. १५९१ सालीं सुधारलेला मसुदा प्रत्यक्ष वर्गांत चालवून पाहण्यासाठीं पाठविला. पुन्हां अभिप्राय आले, आणि १५९९ सालीं ‘रात्सिओ स्तुदिओरुम’, म्हणजे अध्ययनाची पद्धति, हें नियमपुस्तक कायम झालें.

त्यांतील एक नियम असा : खालच्या वर्गांच्या विद्याधिकाऱ्यानें निदान पंधरा दिवसांतून एकदां प्रत्येक शिक्षकाचें शिकविणें ऐकावें. वरच्या वर्गांत तें निदान महिन्यांतून एकदां ऐकावें, व मधूनमधून विद्यार्थ्यांचीं टिपणेंही वाचावीं. कांहीं उणें आढळल्यास आधीं खात्री करून घ्यावी, आणि मग शिक्षकाला अत्यंत सौजन्यानें सांगावें.

इंग्लंडांत निराळाच अनुभव आला. तेथें १८६२ सालच्या नियमांनीं शाळांचें सरकारी अनुदान बव्हंशीं मुलांच्या वाचन, लेखन व गणित यांच्या परीक्षेवर अवलंबून ठेविलें. त्यामुळें शिक्षक परीक्षेपुरतेंच घोकून घेऊं लागले. स्वतः शाळातपासनीस असलेले मॅथ्यू अर्नोल्ड यांनीं या पद्धतीवर कडक टीका केली, आणि तें शतक संपण्यापूर्वीं ती मोडीत निघाली.

मोजमाप दोन्हीकडे होतें. परंतु एकीकडे शिक्षकाला आपला दोष झांकावासा वाटे. दुसरीकडे तो सुधारण्यास त्याला सोबती मिळे. आपल्या शाळेचे परीक्षेचे आंकडे अवश्य मांडावे. पण कोणीतरी जाणत्यानें मागच्या बाकावर शांतपणें बसावें, मुलांच्या वह्या चाळाव्या, आणि शिक्षकाशीं गोडीनें बोलावें, अशी आमची नम्र सूचना आहे. खऱ्या गुरूनें, प्रभु येशूनें, आपल्या शिक्षकांच्या श्रमांना यश द्यावें, हीच आमची प्रार्थना.