निवृत्तिबचत : पर्यायांची मांडणी

निवृत्तीसाठी पैसे कुठे गुंतवायचे, याचे पर्याय किती आहेत, कोणत्या नावांनी दिले आहेत आणि परताव्याचे आकडे किती मुदतीचे दाखवले आहेत, यानुसार माणसाची निवड बदलते. वर्तनात्मक अर्थशास्त्रातला हा बराच तपासलेला विषय आहे.

सर्वांत जोर असतो तो काहीच न निवडल्यास आपोआप लागू होणाऱ्या पर्यायाचा. बदलापूर गावात शेजारी राहणारे, पंचविशीतले दोघे कल्पून पाहावेत. दोघेही २०२० साली राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेत, म्हणजे एनपीएसमध्ये आले. एक अंबरनाथच्या, केंद्र सरकारच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत लागला. दुसऱ्याने खाजगी नोकरीत असताना स्वतःच खाते उघडले. गुंतवणुकीचा रकाना दोघांनीही कोरा ठेवला. केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या ठरलेल्या वाटणीप्रमाणे पहिल्याचे जास्तीत जास्त १५ टक्के पैसे शेअरमध्ये गेले. दुसऱ्याला ‘ऑटो चॉइस’मधला मध्यम पर्याय लागला : पस्तिशीपर्यंत ५० टक्के शेअर, मग उतरत पंचावन्नाव्या वर्षी १०. जोखीम पेलण्याची कोणाची किती तयारी आहे, हे दोघांनाही कोणी विचारले नव्हते. फॅक्टरीतल्याला वाटणी बदलण्याची मुभा होती. केंद्रीय कर्मचाऱ्यांना ती १ एप्रिल २०१९पासून मिळाली. पण त्यासाठी वेगळा अर्ज करावा लागतो.

भविष्यनिर्वाह निधीची, म्हणजे पीएफची तऱ्हा याहून मजेदार. ऑगस्ट २०१५पासून त्यातल्या नव्या पैशांचा काही हिस्सा ईटीएफ या फंडांमार्फत शेअर बाजारात जातो. सदस्याला मात्र वर्षाकाठी जाहीर होणारा एकच व्याजदर कळतो. २०२३-२४ साठी तो ८.२५ टक्के होता. त्यामुळे शेअरचे नाव काढताच हात झटकणारा एमआयडीसीतला कामगारही नकळत बाजारात असतो आणि निर्धास्त झोपतो. एनपीएसच्या खात्यात तीच चढउतार रोजच्या एनएव्हीत, म्हणजे युनिटच्या किमतीत, उघडी दिसते.

आकडे किती मुदतीचे दिसतात यावर निवड कशी बदलते, हे रिचर्ड थेलर आणि श्लोमो बेनार्त्झी या अर्थतज्ज्ञांनी १९९९मध्ये दाखवले. एका विद्यापीठाच्या कर्मचाऱ्यांना एकेका वर्षाचे परतावे दाखवले, तेव्हा त्यांनी साधारण ४० टक्के रक्कम शेअरला दिली. तीस वर्षांचे दाखवले, तेव्हा ९० टक्के.

पर्यायांच्या संख्येचाही प्रश्न आहेच. भारतातल्या निवृत्तिवेतन सुधारणेच्या ‘ओॲसिस’ प्रकल्पाच्या अहवालाने २००० साली फंडांचे तीनच प्रकार सुचवले होते : सुरक्षित, संतुलित आणि वाढीचा. तो अहवाल देणाऱ्या समितीचे अध्यक्ष सुरेंद्र दवे होते. त्याच वर्षी स्वीडनने निवृत्तिबचतीसाठी लोकांपुढे ४५६ फंड ठेवले. जाहिरातींच्या धडाक्यात पहिल्या वर्षी दोन तृतीयांश लोकांनी स्वतः निवड केली. जाहिराती ओसरल्यावर आलेले बहुतेक नवे सदस्य आपोआप मिळणाऱ्या सरकारी फंडातच राहिले.