भिंतींतील मधमाशी

मधमाशी म्हटली कीं आम्हांस दंश आठवतो. परंतु ज्या माशीला दंशच करतां येत नाहीं अशीहि एक जात आमच्या शेजारीं पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहे. तिला पोया म्हणतात. पाव इंचाहूनहि लहान असलेली ही काळी माशी झाडाच्या ढोलींत किंवा मातीच्या भिंतीच्या भेगेंत घर करते व दाराशीं राळमेणाची बारीक नळी बांधते.

सुश्रुतसंहितेंत मधाचे आठ प्रकार सांगितले आहेत. तेव्हां माशीमाशींतील भेद आमच्या पूर्वजांस ठाऊक होता हें उघड आहे. तरीहि महाराष्ट्राच्या मधव्यवसायाच्या इतिहासांत पोयाला स्थान कां मिळालें नाहीं? याचें कारण आम्हांस पेटींत सांपडतें. 1852 सालीं अमेरिकेंत लँगस्ट्रॉथ यानें हलत्या चौकटींच्या पेटीचें पेटंट घेतलें, आणि पुढें जगाचें मधुपालन चौकटीवरच उभें राहिलें. आमच्याकडे महाबळेश्वरच्या सातेरी माशीला पेटी मिळाली. 1962 सालीं पुण्यांत मधमाशी-संशोधनाची मध्यवर्ती संस्थाहि निघाली. पोया मात्र पोळें लोंबतें ठेवीत नाहीं. ती राळमेणाच्या इवल्या मडक्यांत मध सांठविते. तो चौकटींत बसत नाहीं, यंत्रानें काढतां येत नाहीं, आणि वर्षाकांठीं अर्धा किलोहि क्वचितच मिळतो.

म्हणून ती पाळण्याजोगी नव्हे, असें मात्र नाहीं. युकातानांतील माया लोक पोयाहून मोठी, पण तशीच दंशहीन माशी पोकळ ओंडक्यांत पाळीत. सोळाव्या शतकांत पाद्री दिएगो द लांदा यानें तशी नोंद केली आहे. ओंडक्याच्या तोंडाचें झांकण काढून ते मधाचीं मडकींच तेवढीं घेत व पिलांस हात लावीत नसत. केरळांत आजहि बांबूचीं पेरें, मडकीं व करवंट्या यांत ही लहान माशी पाळतात, आणि तिचा पातळ, आंबटगोड मध औषधी म्हणून महाग विकला जातो.

आतां हिंजवडीकडे पाहा. मुळशी तालुक्यांतील या शेतकरी गांवाशेजारीं गेल्या शतकाच्या अखेरीस माहिती-तंत्रज्ञानाचें उद्यान वसूं लागलें, आणि दगडमातीच्या घरांची जागा सिमेंट व कांच घेऊं लागलीं. घर मोडलें तर माणूस भाड्यानें दुसरें घेतो. सातेरीहि मोहोळ सोडून उडून जाऊं शकते. पोयाची जुनी राणी मात्र अंगानें जड झालेली असते. ती उडूं शकत नाहीं. भिंत पडली कीं वंश संपला.

यास उपाय अगदीं साधा आहे. भिंत पाडण्यापूर्वीं मेणाची नळी दिसते कीं काय तें पाहावें. दिसल्यास राणी, पिलें व थोडा सांठा लहान पेटींत ठेवावा, नळीचा तुकडा पेटीच्या दारास चिकटवावा व बाहेर गेलेल्या माशा परतेपर्यंत पेटी त्याच जागीं राहूं द्यावी. जिनें आम्हांस कधीं दंश केला नाहीं, तिच्यासाठीं घर मोडणारानें एक संध्याकाळ थांबावें, एवढेंच आमचें मागणें आहे.